उसवायची शिवण

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. आत एक मशीन, कापायचं टेबल, इस्त्री आणि भिंतीला टेकून उभा केलेला एक आरसा. त्या आरशात गिऱ्हाईक फक्त कमरेपर्यंत दिसायचं. पॅन्ट कशी बसली ते बघायचं असेल तर स्टुलावर चढावं लागे, आणि स्टूल डुगडुगणारं. नवी पॅन्ट घालून त्या स्टुलावरून सरळ रस्त्यावर आलेली माणसं मी पाहिली आहेत. मास्तर आधी पॅन्ट झटकून बघायचा, मग माणसाला उठवायचा.

त्याला सगळे पक्कामास्तर म्हणत. कपडा देताना इतर शिंपी म्हणतात, 'झालाय'. हा म्हणायचा, 'पक्का केलाय.' एकदा आमच्या पोस्टमनची पॅन्ट सायकलच्या साखळीत अडकून गुडघ्यापासून खाली टराटरा फाटली. तो बिचारा पिशवी पुढे धरून लाज झाकत दुकानात आला. मास्तरने चष्मा पुढे ओढला, फाटकं कापड उलटसुलट केलं आणि समाधानाने मान हलवली.

"कापड गेलं, पण शिवणीला धक्का नाही बघ."

"अहो, मग मी आता शिवण घालून टपाल वाटू का?"

मी आणि मास्तर एकाच गावच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर वाढलो. पुढे दोघेही पोटासाठी इथे आलो. त्याची बायको फार लवकर गेली. मुलगी तेव्हा एवढीशी. ती त्याच्या कापायच्या टेबलाखाली वाढली म्हटलं तरी चालेल. चिंध्यांच्या ढिगावर झोपायची आणि मशीन थांबलं की जागी व्हायची. तीच मुलगी शिकली आणि डोंगरापलीकडच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागली. रोज दोन बस बदलून जायची. मग एक दिवस तिने गाडी घेतली. नवी कोरी, कागदात गुंडाळलेल्या साबणाच्या वडीसारखी.

त्या वर्षी आमच्या वस्तीत त्याच मॉडेलची साथच आली होती. माझ्या मुलाने घेतली, दवाखान्यातल्या कंपाउंडरने घेतली, चौकातल्या घड्याळवाल्यांनी घेतली. रविवारी सकाळी सगळे मैदानाच्या कडेला गाड्या धुवायला उभ्या करायचे. धुणं कमी आणि दुखणी सांगणं जास्त. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसल्यासारखं वाटायचं.

"माझं मागचं दार बंद केलं तरी पडद्यावर उघडं दाखवतं. बायको तीनदा उतरून लावून येते."

"माझ्या काचेचं उलटं. खाली जाते ती वर यायचं नाव घेत नाही."

"पेट्रोलच्या झाकणाचा रंग बघा. बाकी गाडी पांढरी आणि झाकण दुधाळ. दुसऱ्या गाडीचं बसवलंय मेल्यांनी."

घड्याळवाले यात सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या गाडीत डॅशबोर्डच्या आत कुठेतरी काहीतरी किरकिरायचं. जन्मभर टिकटिक ऐकून कान तयार झालेला माणूस, त्याला ती किरकिर सोसेना. वर्कशॉपला गेले की ती गप्प. घरी आले की पुन्हा सुरू. वर्कशॉपवाले म्हणायचे, "साहेब, या मॉडेलला थोडा आवाज असतोच." एकदा त्यांनी सांगितलं, पॅनेल उघडून आत फोम भरलाय. घड्याळवाल्यांनी घरी येऊन स्वतः पॅनेल उघडलं, तर आत ना फोम ना फोमचा बाप. त्या दिवसापासून त्यांचा कंपनीवरचा विश्वास कायमचा उडाला. कंपनीने सूर्य पूर्वेला उगवतो असं लिहून दिलं असतं तर ते गच्चीवर जाऊन बघून आले असते.

मास्तर हे सगळं हसत ऐकायचा. मुलीच्या गाडीला कसला आवाज नव्हता. पण एक दिवस त्याची नजर सीटवर गेली. चालकाच्या सीटची पाठ दाराच्या बाजूला जिथे वळते, तिथली उभी शिवण तेवढीच जरा उसवली होती. रोज आत-बाहेर करताना घासून दोरे वर आले होते. त्याने एक दोरा चिमटीत धरून ओढला, तर पट्कन तुटला.

"हा काय दोरा आहे?" तो मला म्हणाला. त्याच्या तोंडावर खरा राग होता. "याने शर्टाचं बटण नाही टिकायचं. आणि टाका बघ किती लांब. एवढी महागाची गाडी, आणि शिवण कुणाकडून घातली? घाईतल्या कामगाराकडून!"

मुलीने शोरूमला फोन केला. नवीन कव्हर मागवतो म्हणाले. मागवतो म्हणाले ते मागवतच राहिले. मास्तर रोज ती शिवण बघायचा आणि रोज त्याचा जीव खालीवर व्हायचा. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्याने वाकडी सुई काढली, जाड दोरा दुहेरी घेतला, मेणावर ओढला आणि गाडीच्या उघड्या दारात गुडघे टेकून बसला.

आम्ही भोवती उभे. शिवणीत एक छोटं कापडी लेबल होतं, त्यावर इंग्रजी अक्षरं. मी म्हटलं, "हे कशाचं रे?"

"कॉलरला असतं तसं. कंपनीचं." ते लेबल थोडं तिरकं बसलं होतं. त्याने तेही सरळ करून घेतलं.

मुलगी घरातून आली, लेबल वाचून म्हणाली, "बाबा, यावर एअरबॅग लिहिलंय."

"ती तर स्टिअरिंगमध्ये असते ना?"

"हो, तिथे तर आहेच." ती वाकून पुन्हा बघू लागली, तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला आणि ती आत गेली. आम्हालाही वाटलं, गाडीत असलेल्या गोष्टींची जाहिरात करत असतील सीटवर. हल्ली कशावरही काहीही लिहितात.

शिवण झाली तेव्हा तिच्यावरून हात फिरवावासा वाटावा अशी झाली. टाक्याला टाका भिडलेला, कुठे दोऱ्याचं टोक नाही. एकीला केली आणि दुसरीला नाही तर विजोड दिसेल, म्हणून शेजारच्या सीटलाही घातली. कंपाउंडरने बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, माझीपण करा." माझ्या मुलाची झाली. घड्याळवाल्यांच्या बायकोचा गुडघा दुखायचा, त्या शेजारच्या सीटवर बसताना पाठीला धरून कशाबशा सरकायच्या, म्हणून तिथली शिवण फारच गेली होती. तीही मास्तरने केली. घड्याळवाले भिंग डोळ्याला लावून टाके बघत होते. म्हणाले, "अख्ख्या गाडीत एवढंच काम माणसाने केलंय." मास्तर त्या दिवशी जेवताना स्वतःशीच हसत होता असं त्याच्या मुलीने मला सांगितलं.

पुढे काही महिने गेले. मुलीची गाडी तपासणीला द्यायची होती. तिला सुट्टी नव्हती, म्हणून गाडी न्यायला आलेल्या वर्कशॉपच्या ड्रायव्हरबरोबर मास्तर आणि मी गेलो. वर्कशॉपमध्ये गाड्या घेणारी एक मुलगी होती, हातात पाटीसारखं काहीतरी घेऊन गाडीभोवती फिरत, ओरखडे टिपून घेत होती. चालकाचं दार उघडून ती वाकली आणि तशीच थांबली.

"काका, हे कुणी शिवलंय?"

मास्तरची मान वर झाली. "मी. का? हाताला काही लागतं का?"

ती दुसऱ्या बाजूला गेली, तिथलंही बघितलं. मग परत आली आणि अगदी हळू आवाजात बोलू लागली. तिच्या आवाजात रागाचा लवलेश असता तर मास्तरला सोपं गेलं असतं.

"काका, या सीटच्या आत एक एअरबॅग असते. बाजूने गाडी धडकली तर ती इथून बाहेर येते, बसलेल्या माणसाच्या बरगड्या आणि दार यांच्यामध्ये. ही शिवण उसवायचीच असते. म्हणून दोरा मुद्दाम कच्चा घेतात."

"उसवायची?"

"हो. डोळ्याची पापणी लवायच्या आत उसवली पाहिजे. तुमचा दोरा..." तिने शिवणीवर बोट ठेवलं. "हा नाही तुटणार."

मास्तर त्या शिवणीकडे बघत राहिला. मी त्याला लहानपणापासून बघतोय, त्याचा चेहरा असा रिकामा झालेला मी फक्त एकदाच पाहिला होता, बायकोला दवाखान्यातून घरी आणली तेव्हा.

"दोरा काढला तर?" त्याने विचारलं.

"तर बॅगेला वाट तरी मिळेल. पण भरवसा नवीन कव्हर घातल्यावरच. तोवर इथे कुणी बसू नये. आणि ही गाडी मी आज इथेच ठेवून घेते, मागे लागून कव्हर आणवते. अजून कुणाची शिवली आहेत का तुम्ही?"

मास्तर अंगठ्याने तो दोरा दाबून बघत होता. मी म्हटलं, "शिवली आहेत."

बसने परत येताना तो खिडकीबाहेर बघत होता. एकदाच बोलला. "ती रोज डोंगराच्या रस्त्याने गेली रे. रोज. आणि मी तिच्या त्या बॅगेपुढे भिंत बांधून ठेवली."

संध्याकाळी मुलीला सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. ती ऐकत ऐकत खुर्चीत बसली. "बाबा, म्हणजे मी एवढे दिवस..." मग म्हणाली, "ते लेबल मी वाचलं होतं. मलाही नाही सुचलं." उठली, त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "माझं राहू द्या. बाकीच्यांचं आधी बघा."

माझ्या घरचं सोपं होतं. नात पुढे बसायची, तिला त्याच दिवशी मागे बसवली. मुलाला खरं काय ते सांगितलं, आणि मास्तर स्वतः सांगेपर्यंत कुणाला बोलू नकोस म्हणून बजावलं. मास्तरने येऊन दोरा काढला. पण दुसऱ्यांकडे जायची वेळ आली तेव्हा त्याची चालढकल सुरू झाली.

कंपाउंडरच्या घरी मी बरोबर होतो. मास्तर म्हणाला, "दोरा खराब निघाला. मेण कपड्याला लागेल. काढून टाकतो, आणि वर्कशॉपमधून नवं कव्हर बसवून घ्या. तोवर पुढे नका बसू, कापड ताणलं जाईल."

"बरं बरं," कंपाउंडर म्हणाला. मास्तरने शेजारच्या सीटचा दोरा काढला. तेवढ्यात दवाखान्यातून बोलावणं आलं आणि चालकाच्या सीटचा राहिला. "नंतर बघू हो, काय घाई आहे," म्हणत तो गाडी घेऊन गेलासुद्धा.

रस्त्यात मी मास्तरला म्हटलं, "अरे, खरं का नाही सांगितलंस?"

"सांगणार आहे."

"कधी?"

तो पुढे चालू लागला. माझ्याकडे बघेना. "जन्मभर एकच गोष्ट सांगत आलोय रे मी लोकांना," एवढंच म्हणाला.

रविवार आला. मैदानाच्या कडेला नेहमीप्रमाणे बादल्या, फडकी आणि गप्पा. मास्तर मधेच उभा, शर्टाच्या खिशात ब्लेड. समोरून कंपाउंडरची गाडी निघाली. चालकाच्या जागी तो, आणि शेजारी, पुढेच, त्याची म्हातारी आई ऐटीत बसलेली. कापड ताणलं जाईल एवढ्याने कोण आईला मागे बसवतो? मास्तर धावला. वयाला न शोभेल असा, चपला मागे टाकून धावला आणि बॉनेटवर दोन्ही हात आपटून उभा राहिला.

"मास्तर! मरायचंय का?" कंपाउंडर खिडकीतून ओरडला.

मास्तरला धाप लागली होती. "आजींना मागे बसव," एवढंच म्हणाला, आणि लगेच वळून घड्याळवाल्यांच्या गाडीकडे निघाला. कारण तिथेही वहिनी पुढच्या सीटवर बसून तयार होत्या. त्यांच्या बहिणीकडे जायचं होतं, लांबचा रस्ता, ट्रकांचा.

"घड्याळवाले, सीटचा दोरा काढायचाय."

"का?"

"खराब निघाला."

घड्याळवाले मोठ्याने हसले. "तुमचा दोरा खराब? हे आज पहिल्यांदा ऐकतोय. राहू द्या हो. या गाडीत एक गोष्ट धड आहे, तीही उसवता का? आम्ही आल्यावर बघू."

त्यांनी किल्ली फिरवली. मास्तरने वहिनींच्या बाजूचं दार धरलं.

"वहिनी, उतरा खाली."

"काय झालं हो?"

"उतरा. माझं चुकलंय."

बादलीत फडकं बुडवायला वाकलेला माणूस तसाच राहिला. मास्तरने सगळं सांगितलं. आतली बॅग, कच्चा दोरा, तो मुद्दाम कच्चा का ठेवतात ते. "मी ती वाट शिवून टाकली. या बाजूने कुणी येऊन आदळलं तर वहिनींच्या आणि दाराच्या मध्ये काही येणार नाही. हे मी केलंय. तुमच्या गाडीत, याच्या गाडीत, माझ्या मुलीच्या गाडीत."

घड्याळवाले गाडीतून उतरले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण राग मास्तरवर नव्हता.

"हे तुम्हाला वर्कशॉपने सांगितलं?"

"हो."

"मग बरोबर आहे! अहो, ते असंच करतात. स्वतःचा दोरा सडका, तो उसवला, आता खापर तुमच्या डोक्यावर. मला फोम भरला म्हणाले होते, आठवतंय ना? तुम्ही साधे आहात मास्तर, तुम्हाला गुंडाळलं त्यांनी."

"अगदी," कंपाउंडर म्हणाला. "कंपनीच चोर. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"

भोवतीच्या सगळ्यांनी माना हलवल्या. प्रत्येकाला आपापलं खडखडणारं दार आठवलं असणार. मी मास्तरकडे बघत होतो. त्याने नुसतं गप्प राहायचं होतं. तेवढ्याने त्याचं नाव होतं तसं राहिलं असतं. सगळी वस्ती त्याची बाजू घेऊन उभी होती, आणि त्याच्या पाठीशी कंपनीचे सगळे खोटे फोम उभे होते.

"नाही," तो म्हणाला. "तुमच्या किरकिरीबद्दल ते खोटं बोलले असतील. याबद्दल नाही बोलले. मी परवा ब्लेडने माझा एक टाका कापायला गेलो तर ब्लेडच वाकलं. त्या बॅगेने काय करावं?" तो वहिनींकडे वळला. "वहिनी, मी हात जोडतो. खाली उतरा."

वहिनी त्याच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पर्स उचलली, दाराला धरून दुखरा पाय आधी खाली टेकवला आणि उतरल्या. नवरा काही म्हणायच्या आत मागचं दार उघडून, पाय सीटवर आडवा पसरून बसल्या.

"करा काय करायचंय ते. मी इथे आहे. मला विसरून जेवायला जाऊ नका म्हणजे झालं."

मास्तर दारात गुडघे टेकून बसला. त्याची स्वतःचीच शिवण, पण ब्लेडचं टोक टाक्याखाली शिरेना. जोर लावावा तर कापड फाटेल. घड्याळवाले कमरेवर हात ठेवून उभे होते. मग चौकातल्या आपल्या दुकानात गेले आणि भिंग आणि बारीक चिमटा घेऊन आले. ते मास्तरच्या शेजारी जमिनीवर बसले.

"तुम्ही कापा. मी ओढतो."

तशी एकामागून एक सगळ्या गाड्यांची दारं उघडली गेली. कंपाउंडरची आई मागे जाऊन बसली होती आणि मुलाला म्हणत होती, "मी पहिल्यापासून सांगत होते, मागे हवा चांगली लागते." त्या दिवशी कुणाची गाडी धुवून झाली नाही. बादल्यांमधला फेस बसून गेला. मास्तर आणि घड्याळवाले या गाडीकडून त्या गाडीकडे जात राहिले. दोघांच्या गुडघ्यांना माती लागलेली. दोऱ्याचे काळे तुकडे मास्तर एकही खाली पडू देत नव्हता, खिशात घालत होता.

दुपारी घड्याळवाल्यांची गाडी निघाली. वहिनी मागे, पुढची सीट रिकामी. बहिणीकडे नाही, सरळ वर्कशॉपला, अगदी सावकाश.

नवी कव्हरं आली, बसली. त्याचा भार मास्तरने उचलला. तो विषय त्याने कुणाला काढू दिला नाही. घड्याळवाल्यांची किरकिर मात्र अजून आहे. ते आता ती ऐकण्यासाठी गाडी थांबवतात.

पण गोष्ट बाहेर फुटायची ती फुटलीच. शाळेच्या गणवेशाचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडे यायचं, ते पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे गेलं. कुणी तोंडावर काही म्हटलं नाही. मुलांच्या कपड्यांना आणि गाडीच्या सीटला काय संबंध, असं मी शाळेतल्या एका बाईंना विचारलंही. त्या म्हणाल्या, "संबंध नाही हो, पण लोक बोलतात ना." दुकानात त्या हंगामात कापडाचे गठ्ठे आले नाहीत. टेबल मोकळं. तो त्या टेबलाशी बसून जुन्या कपड्यांची काजं करत असे.

एकदा मी जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. रस्त्यावरून गणवेशातली मुलं चालली होती, दुसऱ्या कुणाच्या हातचे कपडे घालून. मी त्याला म्हटलं, "त्या दिवशी गप्प बसला असतास तर?"

त्याने सुईत दोरा ओवला, गाठ मारली.

"वहिनी उतरल्या ना खाली," तो म्हणाला, आणि काजावर वाकला.